ओसरीवरील हिशेब : छपरावरचें ऊन आणि सरकारचा जमाखर्च

गेल्या कार्तिकांत एके सकाळीं आमच्या ओसरीवर एक तरुण गृहस्थ येऊन बसले. सौर विजेचीं पॅनेलें लोकांच्या छपरांवर बसवून देणें हा त्यांचा व्यवसाय. हातांत रंगीत चित्रांची वही, बोलणें मोठें मिठ्ठास, आणि दर तिसऱ्या वाक्याला 'सरकार देतें आहे' हें पालुपद. सरकार आपल्याला कांहीं देतें आहे असें ऐकण्याची आमच्या घराला संवय नसल्यामुळें स्वयंपाकघरांतील मंडळीहि दाराआड येऊन उभी राहिली.

आमचें घर नेहमींच्या वाचकांस परिचयाचें आहे. कविवर्य मोरोपंतांच्या ह्या बारामतींत, जुन्या गांवठाणांत आमचा वाडा आहे. चूल एक, मीटर एक, आणि जेवणारीं माणसें अकरा. वडील बंधूंच्या पश्चात् वहिनीच ह्या घरांतील कर्त्या. थोरला पुतण्या नोकरींत आहे. धाकट्यानें एका मित्राच्या भागींत येथील एमआयडीसींत लहानशी शेड घेऊन लेथचें काम चालविलें आहे. पुतणी इंदापूर तालुक्यांत दिली आहे. तिच्या सासरीं ऊंस आणि डाळिंब. म्हणजे एकाच कुटुंबांत घर, कारखाना आणि शेती हीं तीनहि आलीं. सौर विजेच्या बाबतींत सरकार ह्या तिहींकडे तीन निरनिराळ्या दृष्टींनीं पाहतें, हें मात्र त्या सकाळपर्यंत आमच्यापैकीं कोणाच्याहि ध्यानांत आलेलें नव्हतें.

त्या गृहस्थांचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. "काका, घरावर तीन किलोवॅट घ्या, ७८ हजार रुपये खात्यावर जमा. शेडवर वीस किलोवॅट घ्या, चाळीस टक्के घसारा आणि जीएसटी सगळा वळता." मग आवाज जरा खालीं आणून ते पुतण्याला म्हणाले, "आणि साहेब, मनांत असेल तर घरच्या तीन किलोवॅटचें बिलहि शेडच्या नांवानें करून देतों. अनुदान घराला, घसारा शेडला. पाहायला कोण येतो?"

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. गेल्या वर्षीं घेतलेल्या यंत्राचा हप्ता त्याच्या डोक्यावर आहे आणि दोन महिन्यांपासून शेडमध्यें काम कमी आहे. त्याच्या मौनाचा अर्थ मला कळला, आणि तो मला आवडला नाहीं. मीं त्या गृहस्थांस चहा दिला, आठ दिवसांनीं या म्हणून सांगितलें, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलों. शाळेंत संस्कृताच्या जोडीला गणिताचे तासहि माझ्याकडे असत. तेव्हां व्याज, सूट आणि दलाली हे माझे जुने सोबती.

कालिदासानें रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत दिलीप राजाच्या करवसुलीला सूर्याची उपमा दिली आहे : सूर्य पृथ्वीवरचें पाणी शोषून घेतो तें सहस्रपटीनें परत देण्यासाठींच. आमच्या प्रसंगाला ही उपमा इतकी नेमकी बसली कीं मला हंसूं आलें. फरक एवढाच कीं आजच्या सरकारचें शोषणें आणि परत देणें हीं दोन्ही एकाच बिलावर एकाखालीं एक छापलेलीं असतात, आणि कोणत्या ओळींत आपण किती भिजलों आणि किती सुकलों हें ज्याचें त्यानें पाहावें लागतें.

प्रथम घराचें पाहूं. 'प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना' फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाली. केंद्रीय मंत्रिमंडळानें तिच्यासाठीं ७५,०२१ कोटी रुपये मान्य केले, एक कोटी घरांचें उद्दिष्ट ठेविलें, आणि मुदत २०२६-२७ ह्या आर्थिक वर्षापर्यंत ठरविली. अनुदान पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,००० रुपये, एकूण ७८,०००. त्यापुढें चौथा, पांचवा, दहावा किलोवॅट बसविला तरी त्यास कवडीहि नाहीं. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठीं सांगतों कीं सहनिवासाच्या सामायिक दिव्यांसाठीं व उद्वाहनासाठीं, म्हणजे लिफ्टसाठीं, पॅनेलें बसविल्यास सोसायटीला किलोवॅटमागें १८,००० रुपये मिळतात. मात्र हें सर्व राहत्या घरांसाठीं. दुकान, कारखाना, गुदाम ह्यांना ह्या योजनेंत स्थान नाहीं. छप्पर तुमचेंच असो, ऊन तेंच असो, पॅनेल एकाच पेटींतलें असो. खालीं संसार आहे कीं व्यापार, हें पाहून सरकार हात सैल सोडतें किंवा आंवरतें.

तीन किलोवॅटांपासून महिन्याला सरासरी ३०० युनिटांहून अधिक वीज मिळेल असा सरकारचा अंदाज आहे. पावसाळा, रस्त्यावरची धूळ आणि उंसाच्या हंगामांत ह्या भागांत हवेंतून येणारी काजळी ध्यानांत घेऊन मीं २५० च धरलीं. घरगुती विजेचा दर जिन्यासारखा चढता असतो. पहिलीं १०० युनिटें स्वस्त, ३०० पर्यंतचीं बरींच महाग, आणि त्यापुढचीं आणखी महाग. अकरा माणसें एका मीटरवर असलीं म्हणजे जिन्याच्या वरच्या पायऱ्या चढाव्याच लागतात. सौर वीज बिलांतून वजा होते ती ह्या वरच्या पायरीपासून. आणि घरगुती बिलावर राज्य सरकारचें जें १६ टक्के वीजशुल्क असतें, तेंहि त्या वांचलेल्या युनिटांबरोबर वांचतें. ज्या घरांनीं चुली वेगळ्या करून मीटरहि वेगळे घेतले, त्यांचा प्रत्येक मीटर खालच्या पायरीवर राहतो; त्यांना सौर विजेपासून होणारी बचत त्या मानानें थोडी. एकत्र राहण्याचे तोटे सांगणारे पुष्कळ भेटतात; त्यांच्यासाठीं हा एक फायदा लिहून ठेवतों. मीटरचा स्थिर आकार मात्र सुटत नाहीं, आणि वर्षाअखेर उरलेल्या जादा युनिटांचा मोबदला अल्प दरानें मिळतो. सबब गरजेपेक्षां मोठा संच बसवून वीज विकण्याचीं स्वप्नें घरमालकानें पाहूं नयेत.

आतां किंमत. तीन किलोवॅटांची कराशिवाय किंमत गणिताच्या सोयीसाठीं १,६०,००० रुपये धरूं. सौर साधनांवरील वस्तु व सेवा कर १ जुलै २०१७ रोजीं ५ टक्क्यांनीं सुरू झाला, १ ऑक्टोबर २०२१ पासून १२ टक्के झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून पुन्हां ५ टक्क्यांवर आला. परंतु साधनें आणि तीं बसविण्याचें काम एकत्र घेतलें असतां सगळ्या रकमेवर ५ टक्के लागत नाहींत. अशा व्यवहारांत ७० टक्के किंमत वस्तूंची आणि ३० टक्के सेवेची मानावी असा नियम १ जानेवारी २०१९ पासून आहे, आणि सेवेवर कर १८ टक्के. साडेतीन आणि पांच पूर्णांक चार मिळून ८.९ टक्के, पूर्वीं हाच आंकडा १३.८ होता. त्या गृहस्थांच्या वहींत 'फक्त ५ टक्के' असें ठळक छापलेलें होतें, म्हणून हा खुलासा केला. आमच्या संचावर कर झाला १४,२४० रुपये. जुन्या दरानें तो २२,०८० झाला असता. एकूण १,७४,२४० मधून अनुदान वजा जातां ९६,२४० उरले. महिना २५० युनिटें आणि वांचलेल्या युनिटाची किंमत सरासरी १० रुपये धरली, तर वर्षाचे ३०,००० वांचतात. म्हणजे तीन वर्षें आणि वर कांहीं महिन्यांत पैसे फिटतात. पॅनेलें पंचवीस वर्षें चालावीं अशी अपेक्षा असते. आणखी एक गोष्ट अशी कीं घरचें बिल वांचलें म्हणजे कोणी त्याला उत्पन्न म्हणत नाहीं. त्यावर आयकर नाहीं. रुपया वांचला तो पुरा वांचला.

येथें एक ओळ बिलावर छापलेली नसते, ती मी लिहितों. १ एप्रिल २०२२ पासून परदेशी पॅनेलांवर ४० टक्के आणि सेलांवर २५ टक्के आयात जकात बसली. फेब्रुवारी २०२५ च्या अंदाजपत्रकांत जकात खालीं आणून तिच्या शेजारीं उपकर बसविला, आणि पॅनेलांपुरती बेरीज पुन्हां चाळिसावरच आली. शिवाय घरासाठीं अनुदान हवें असेल तर पॅनेलहि देशांत बनलेलें आणि त्यांतील सेलहि देशांत बनलेला लागतो. असा माल बाहेरच्या मालापेक्षां महाग पडतो. म्हणजे ७८,००० आमच्या खात्यावर जमा होत असले तरी त्यांतील एक वांटा आमच्या हातावरून उतरून देशी कारखानदाराच्या हातीं जातो. मला त्यांत गैर वाटत नाहीं. कारखाने येथें उभे राहावयाचे तर कोणीतरी प्रथम महाग माल घेतलाच पाहिजे. परंतु तें सगळें आम्हांलाच मिळालें असें समजून कोणी मिशांवर ताव देऊं नये.

घराचा हिशेब येथवर सरळ आला, आणि तेथेंच अडला. कारण वीजबिलावर अजून आमच्या तीर्थरूपांचें नांव. त्यांना जाऊन अडतीस वर्षें झालीं. बिल मात्र दरमहा त्यांच्या नांवानें येतें, आणि वहिनी तें वाचून देवघराच्या कोनाड्यांत ठेवतात. अनुदान जमा होतें तें अर्जदाराच्या बँकेच्या खात्यावर. कैलासवासी माणसाचें खातें कोठून आणावें? तेव्हां नांव बदलणें आलें. पण कोणाचें घालावें? माझा धाकटा भाऊ नागपुरास असतो, आणि ह्या वाड्यांत त्याचा माझ्याइतकाच हक्क आहे. त्यानें फोनवर विचारलें, "अण्णा, बिल एकाच्या नांवावर झालें म्हणजे उद्यां वाडाहि त्याचाच म्हणायचा काय?" ह्या प्रश्नांत राग नव्हता, भीति होती. घरें अशाच न विचारलेल्या प्रश्नांनीं मोडतात. म्हणून त्यानें विचारलें हें मला बरें वाटलें.

वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे हें मीं त्याला सांगितलें. पण नुसत्या सांगण्यावर न थांबतां एका कागदावर चार ओळी लिहिल्या : खर्च कोणी किती करावयाचा, अनुदान कोणाच्या खात्यावर जमा होऊन कोणत्या कामीं लागावयाचें, वाडा पाडावयाचा झाल्यास पॅनेलें कोणाचीं, आणि नांव वहिनींचें असलें तरी त्यामुळें कोणाच्याहि हिश्शाला बाध येत नाहीं. सर्वांच्या सह्या झाल्या. वहिनींनीं सही करतांना विचारलें, "मामंजींचें नांव काढून माझें घालायचें?" मीं म्हटलें, "वहिनी, बिल भरणाऱ्याचें नांव बिलावर असावें. अडतीस वर्षें तें तुम्हीं दोघांनींच भरलें आहे." त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत, पण सही केली.

आतां शेडकडे वळूं. आमच्या एमआयडीसींत पिआज्जिओच्या तीनचाकी गाड्या बनतात, भारत फोर्जचे लोखंडी भाग घडविले जातात, फरेरोच्या कारखान्यांत मुलांचीं चॉकलेटें तयार होतात. आणि त्यांच्या आजूबाजूला पुतण्याच्या शेडसारख्या अनेक लहान शेडी आहेत. पत्र्यांची छपरें आणि दिवसाचें काम ह्या दोहोंमुळें सौर विजेला ही जागा घराहूनहि सोयीची. परंतु येथें अनुदान नाहीं. येथें सरकार देतें तें दुसऱ्या रूपानें.

वीस किलोवॅटांचे कराशिवाय दहा लाख रुपये धरूं. त्यावर ८.९ टक्क्यांनीं ८९,००० रुपये वस्तु व सेवा कर. पण पुतण्या नोंदणीकृत असून आपल्या मालावर कर गोळा करून भरतो. म्हणून हे ८९,००० त्याला आपल्या देण्यांतून वळते करून घेतां येतात. जुन्या दरानें कर १,३८,००० झाला असता तरी तोहि असाच वळता झाला असता. म्हणजे सप्टेंबर २०२५ मध्यें दर उतरला त्याचा खरा लाभ घराला झाला, शेडला केवळ थोडे दिवस अडकून पडणारी रक्कम कमी झाली. वर्तमानपत्रांत ह्या कपातीचें स्वागत उद्योगाच्या पानावर छापलें होतें. तें गृहिणींच्या पानावर हवें होतें.

दुसरी सवलत घसाऱ्याची. यंत्र झिजतें, म्हणून दरवर्षीं त्याच्या किमतीचा कांहीं भाग नफ्यांतून वजा करूं देतात, हा घसारा. सामान्य यंत्राला १५ टक्के. सौर साधनांना ४०. दहा लाखांवर पहिल्या वर्षीं ४,००,०००, दुसऱ्या वर्षीं उरलेल्या सहा लाखांवर २,४०,०००, तिसऱ्या वर्षीं १,४४,०००, चौथ्या वर्षीं ८६,४००. चार वर्षांत ८,७०,४०० वजा झाले. तेंच १५ टक्क्यांनीं केलें असतें तर चार वर्षांत सुमारें ४,७८,००० च वजा झाले असते. भागीदारीच्या पेढीला ३० टक्के आयकर, उपकर वेगळा. म्हणजे पहिल्याच वर्षीं ४५,००० च्या ठिकाणीं १,२०,००० रुपये कर वांचतो. आंकडा मोठा दिसतो. पण ही देणगी नव्हे, उसनवारी आहे. आज अधिक वजा केलें म्हणून पुढें वजा करावयास कमी उरतें. सरकार कर सोडीत नाहीं, मागाहून घेतें. आणि तोंपर्यंतचें व्याज तेवढें आपलें. शिवाय शेडचें वीजबिल कमी झालें कीं नफा वाढतो आणि त्या वाढीव नफ्यावर कर लागतो, ही गोष्ट घराला नव्हती. मोठ्या कंपन्यांना नव्या यंत्रावर पहिल्या वर्षीं जो जादा घसारा मिळूं शकतो, तोहि २२ टक्क्यांचा कमी कर पत्करणाऱ्या कंपनीला सोडावा लागतो. कलमांचे क्रमांक मीं मुद्दामच देत नाहीं. १९६१ सालच्या आयकर कायद्याच्या जागीं १ एप्रिल २०२६ पासून २०२५ सालचा कायदा नेमला असल्यामुळें क्रमांक बदलले.

"मार्चच्या आंत बसवा, पुरे चाळीस टक्के घ्या," असेंहि ते गृहस्थ म्हणाले होते. हें चूक. वर्षांत १८० दिवसांपेक्षां कमी वापर झाला तर त्या वर्षीं दर निम्मा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर चालू झालेल्या संचाला त्या वर्षीं वीसच टक्के. गंमत अशी कीं आंकडा चुकीचा असला तरी सल्ला चुकीचा नव्हता : मार्चमध्यें बसवून पहिल्या वर्षीं दोन लाख आणि दुसऱ्या वर्षीं उरलेल्या आठ लाखांवर तीन लाख वीस हजार असे पुढल्या मार्चपर्यंत ५,२०,००० वजा होतात, एप्रिलपर्यंत थांबलें तर त्याच मुदतींत ४,००,०००. विद्यार्थ्यानें रीत चुकवून उत्तर बरोबर आणलें तर मी अर्धे गुण देत असें.

राहिली ती 'कोण पाहायला येतो' ही युक्ति. तीहि मीं गणितांत घातली, कारण मोहाची किंमत आधीं कळावी. घरच्या तीन किलोवॅटांचें बिल शेडच्या नांवानें केलें असतां कराचे १४,२४० वळते होतील, आणि १,६०,००० वर ४० टक्के म्हणजे ६४,००० वजा होऊन पहिल्या वर्षीं १९,२०० आयकर वांचेल. एकूण ३३,४४०. पण कायदा ह्या मार्गांत दोन ठिकाणीं उभा आहे. घसारा मिळावयाचा तर वस्तु त्या धंद्याच्या कामीं आली पाहिजे. आमच्या माजघरांतला पंखा फिरविणारें पॅनेल लेथच्या कामीं आलें असें कोणत्या तोंडानें म्हणणार? आणि धंद्याच्या वस्तूला सरकारी अनुदान मिळालें असेल तर तें किमतींतून वजा करूनच घसारा मोजावा लागतो. एकाच पॅनेलाला दोन तोंडें दाखवून दोन दारांशीं उभें केलें म्हणजे एका दाराशीं तरी खोटें बोलावें लागतेंच.

हा कागद मीं रात्रीं जेवणें झाल्यावर पुतण्यापुढें ठेविला. वहिनी सुपारी कातरीत बसल्या होत्या, त्यांनीं आंकडा ऐकला आणि म्हणाल्या, "तेहेतीस हजारांसाठीं मामंजींच्या छपरावर खोटें बिल चढवायचें? आणि अर्ज माझ्या नांवाचा?" पुतण्याची मान खालीं गेली. तो म्हणाला, "काकू—" त्याच्या तोंडून आईला लहानपणापासून काकूच निघतें, चुलत भावंडांचें ऐकून, "काकू, मी अजून हो म्हटलेलें नाहीं." पण नाहींहि म्हटलेलें नव्हतें, हें आम्हां तिघांना ठाऊक होतें. हप्ता भरण्याची तारीख जवळ आली असतां मनुष्य किती सावकाश 'नाहीं' म्हणतो, हें मला माझ्या तरुणपणावरून माहीत आहे. म्हणून मी गप्प राहिलों.

दुसऱ्या दिवशीं त्यानें आपल्या सी. ए. ना विचारलें, आणि संध्याकाळीं हंसतच घरीं आला. माझा सगळा कागद एका वाक्यानें पुसला गेला होता. त्याची पेढी आयकर भरते ती अनुमानित पद्धतीनें : लहान धंद्यानें उलाढालीच्या ८ टक्के, किंवा पैसे बँकेमार्फत आले असल्यास ६ टक्के, नफा मानून त्यावर कर द्यावयाचा आणि तपशिलवार हिशेबाच्या कटकटींतून सुटावयाचें. ह्या पद्धतींत घसारा आधींच वजा झाला असें कायदा मानतो. वेगळा मागतां येत नाहीं. म्हणजे त्याच्या शेडला चाळीस टक्केहि नाहींत, वीसहि नाहींत, आणि खोट्या बिलाचे १९,२०० हि नाहींत. ही पद्धत एकदां सोडली तर पुढें पांच वर्षें तिच्यांत परत येतां येत नाहीं, तेव्हां केवळ घसाऱ्यासाठीं ती सोडणेंहि शहाणपणाचें नाहीं. एमआयडीसींतील लहान शेडींचे जे मालक ह्या पद्धतीनें कर भरतात, त्यांनीं 'चाळीस टक्के' हे शब्द ऐकून सही करण्यापूर्वीं आपल्या हिशेबनिसाला हा एक प्रश्न अवश्य विचारावा. पॅनेलें घ्यावींत तीं वीजबिल वांचतें म्हणून. तें गणित अनेक शेडींत घसाऱ्यावांचूनहि जुळतें. पुतण्यानें मात्र यंत्राचा हप्ता फिटेपर्यंत शेडचा विचार पुढें ढकलला.

घसाऱ्याच्या मोहाचा ह्या महाराष्ट्रानें एक मोठा प्रयोग पाहिलेला आहे. सातारा जिल्ह्यांत वनकुसवडे-चाळकेवाडीच्या पठारावर ज्या पवनचक्क्यांची रांग उभी राहिली, त्यांच्या मालकांत वाऱ्याशीं ज्यांचा कधीं संबंध आला नाहीं असेहि पुष्कळ श्रीमंत लोक होते. त्यांना वीज नको होती, पहिल्या वर्षींचा घसारा हवा होता. चक्की उभी राहिली कीं त्यांचें काम झालें. मग ती फिरो वा न फिरो. २००९ च्या अखेरीस केंद्रानें प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेवर प्रोत्साहन देण्याची पद्धत आणली ती ह्याच अनुभवानें. आणि सौर साधनांचा घसारा पूर्वीं ८० टक्के होता तो १ एप्रिल २०१७ पासून ४० वर आला. घरच्या अनुदानांतहि हा दोष आहेच. तें किलोवॅटावर मिळतें, युनिटावर नाहीं. एकदां ७८,००० जमा झाले कीं पॅनेलांवर धूळ बसली काय आणि शेजाऱ्याच्या नव्या मजल्याची सावली पडली काय, सरकार विचारावयास येत नाहीं.

इंदापूरच्या व्याह्यांनाहि ही बातमी लागली आणि त्यांनीं विचारलें, "आमच्या विहिरीवर सौर पंप कां नको?" 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ह्या योजनेंत शेतकऱ्यानें १० टक्के भरावयाचे, अनुसूचित जाति-जमातींच्या शेतकऱ्यानें ५, बाकीचे केंद्र व राज्य मिळून देतात. पण तो पंप ज्याच्याकडे विजेची जोडणी नाहीं त्याच्यासाठीं. व्याह्यांची जोडणी जुनी आहे, आणि साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचें बिल एप्रिल २०२४ पासून मार्च २०२९ पर्यंत राज्य सरकार भरतें. तेव्हां त्यांना त्यांत मिळवावयाचें कांहीं नाहीं. त्यांच्याजवळ दोन हेक्टर पड जमीन आहे. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेंत उपकेंद्राजवळची जमीन पसंत पडली तर हेक्टरी वर्षाला १,२५,००० रुपये भाडें आणि दरवर्षीं ३ टक्के वाढ मिळते. दोन हेक्टरांचे अडीच लाख होतात. आमच्या तालुक्यांत शिरसुफळ येथें महानिर्मितीचा ५० मेगावॅटांचा सौरप्रकल्प त्यांनीं पाहिलेला असल्यामुळें पड जमिनीवर पॅनेलें ही कल्पना त्यांना नवी नव्हती. पण एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती, आणि ती ऐकून ते फोनवर क्षणभर थांबले. डाळिंबाच्या पैशावर आयकर नाहीं, कारण तें शेतीचें उत्पन्न. त्याच मातींत पॅनेलांचे खांब उभे करून घेतलेलें भाडें हें शेतीचें उत्पन्न नव्हे. त्यावर आयकर द्यावा लागतो. "म्हणजे सूर्यानें डाळिंब पिकविलें तर माफ, आणि वीज पिकविली तर कर?" असें ते म्हणाले. मीं म्हटलें, "होय."

आठ दिवसांनीं ते तरुण गृहस्थ पुन्हां आले. मीं त्यांना घरच्या संचाचें, वहिनींच्या नांवाचें, एकच बिल करावयास सांगितलें, आणि ८.९ टक्क्यांची फोड त्यावर स्वतंत्र लिहून मागितली. त्यांनीं निमूटपणें लिहून दिली. इतकेंच नव्हे, तर तो अनुमानित पद्धतीचा मुद्दा वहींत टिपून घेतला, हें त्यांच्या पदरीं जमा करतों. माघांत पॅनेलें चढलीं. नेट मीटर बसला. पाहणी होऊन पुढें अनुदान वहिनींच्या खात्यावर आलें, आणि आमच्या चार ओळींच्या कागदाप्रमाणें तें घराच्या सामायिक खात्यांत गेलें.

आतां घरांत वाद उरला आहे तो पॅनेलें धुण्याचा. हंगाम चालू आहे, सकाळीं गच्चीवर काळे कण पडलेले असतात, आणि पंधरा दिवसांनीं पाण्याचा हात फिरविला नाहीं तर युनिटें घटतात हें मीं मीटरच्या वहींत लिहून दाखविलें आहे. थोरला म्हणतो, धाकट्याचे गुडघे तरुण आहेत. धाकटा म्हणतो, रविवारीं त्याची शेड चालू असते. मीं दोघांच्या नांवांचें वेळापत्रक करून जिन्याजवळ चिकटविलें होतें. त्यांत परवां कोणीतरी पेन्सिलीनें तिसरें नांव घातलें आहे, आणि अक्षर वहिनींचें दिसतें. तें नांव माझें आहे.